वामनकाका आणि आमचं तळ्यातलं घर

वामनकाका हरकरे कोणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून हातातली काठी तीनदा जमिनीवर आपटायचे. मग मान तिरकी करून ऐकायचे. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ना, तसं. घरातली माणसं श्वास रोखून उभी. मग काका निकाल द्यायचे. कोणाला म्हणायचे, "तुमचं स्वयंपाकघर जुन्या कुंभारवाड्यात येते. बाकीचं घर गाडीवाटेच्या पांदणीवर." कोणाला म्हणायचे, "इथं आमराई होती. न्हाणीपाशी विहीर असावी, जपून आंघोळ करा जी." मी लग्न होऊन जबलपूरला घमापुरातल्या आमच्या घरी आले त्याच्या चौथ्या दिवशी ते ओट्यावर आले, काठी आपटली, ऐकलं, आणि दारातून नव्या नवरीकडं पाहून म्हणाले, "सूनबाई, तुम्ही तळ्यात बसून राहिल्या."

मी पाटावर बसले होते. ताडकन उठले. खोटं कशाला सांगू, पातळाचे काठही वर उचलले.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि भिण्यात माझा हात धरणारं अख्ख्या अमरावती जिल्ह्यात कोणी नव्हतं. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, पोस्टमनला भ्यायचे, कारण तो तार आणतो. त्यात राज्यांची नव्यानं वाटणी होऊन चार-पाच वर्षंच झाली होती. नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, जबलपूर इकडं मध्य प्रदेशात राहिलं, राजधानी भोपाळला. माझे बाबा मला निरोप देताना रडत म्हणाले होते, "पोरीला परराज्यात टाकली." मला वाटलं, परराज्य म्हणजे वेशीवर भालेवाले असतील. ते नव्हते. जबलपूरच्या फलाटावर एक चहावाला होता, तो मला "बहूजी" म्हणाला, तर मी यांच्या पाठीमागं लपले. आमचे हे खमरियाच्या कारखान्यात. तिथं दारूगोळ्याची चाचणी व्हायची. भर दुपारी लांबून 'धम्म' असा आवाज यायचा आणि फळीवरचे डबे खुळखुळायचे. पहिल्या दिवशी मी खाटेखाली गेले. सासूबाईंनी चहाला हाक मारली, तेव्हा खाटेखालूनच 'ओ' दिली.

अशा बाईला तू तळ्यात बसली आहेस म्हणून सांगितल्यावर तिला झोप लागेल का? आठ दिवस मी फरशीला हात लावून ओल येते का ते पाहत होते.

काकांचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. जबलपूर हे बावन्न तळ्यांचं गाव, असं जुने लोक सांगत. गोंड राजांच्या काळात खणलेली ती तळी. पुढं माणसं वाढली, तळी बुजली, वर घरं उभी राहिली. कोणतं तळं कुठं बुजलं, त्याच्या काठी कोणाचं शेत होतं, ते शेत कोणी कोणाला दिलं, हे सगळं काकांना तोंडपाठ. सरकारी दप्तरखान्यात त्यांची उभी हयात गेली. लाल फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, त्यांना बस्ते म्हणत, त्यातले मोडी कागद वाचणारे ते शेवटचेच. निवृत्त झाले तेव्हा नेमकी राज्याची वाटणी झाली आणि बस्त्यांचीही झाली. काही नागपूरला गेले, काही भोपाळला. "आणि काही मधल्या गाडीत पडले," असं काका म्हणायचे आणि म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. कोणाच्या घरचं माणूस गाडीतून पडावं तसा.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस मरते ते चालते जी, कागद नाही मरावा." हे वाक्य ते कुठंही म्हणत. एकदा मयताच्या घरी भेटायला गेले असताना म्हणाले. त्या घरानं पुढं त्यांना तेराव्याला बोलावलं नाही.

त्यांना वाटेत कोणाच्या हातात फुटाण्याची पुडी दिसली की फुटाणे त्याला आणि पुडीचा कागद काकांना. भज्यांचा तेलकट कागद घरी नेऊन राखेनं तेल टिपून वाचायचे. रद्दीवाल्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, वाकड्यातिकड्या अक्षरांचा कागद आला तर आधी मला दाखवायचा. आणि या सगळ्यातून ते एक यादी करत होते. जबलपूरभोवतीच्या गढा परगण्यात गोंड राजांच्या वेळी कोणकोणती गावं होती, कोणती जमीन कोणाकडं होती, कोणती वस्ती कधी उठली. ही यादी आमच्या ह्यांच्या मुंजीच्या आधीपासून चालू होती. गावांच्या नावांनुसार, अनुक्रमानं. माझं लग्न झालं तेव्हा ती 'घ'पर्यंत आली होती. म्हणजे नेमकी घमापुरापर्यंत. याला म्हणतात नशीब.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी छेदीलालजींचं मिठाईचं दुकान होतं. दणकट माणूस. काकांनी त्यांच्या भट्टीपुढं काठी आपटून सांगितलं, "यहाँ राजा के हाथी बँधते थे."

"तो अब हाथी कहाँ गए, पंडितजी?" छेदीलालजींनी भीत भीत विचारलं.

"जाएँगे कहाँ? यहीं मरे, यहीं गाड़े होंगे."

झालं. दुसऱ्या दिवशी छेदीलालजींची कढई दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी दारावर लिंबू-मिरची. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अवो भैया, हत्ती येवढा मोठा, त्याले येवढंसं लिंबू काय करन?" त्यावर छेदीलालजींनी भोपळा टांगला.

हसू नका. त्या दिवसांत गल्लीतलं कोणी हसत नव्हतं. कारण लोकांत एक कुजबुज होती. काका हे सगळं कोणासाठी लिहून राहिले? कोणी म्हणे, भोपाळला यादी जाते. जिथं हरकऱ्यांची काठी पडली, ते घर वर्षभरात सरकारजमा. ज्यांचे कागद मराठीत आहेत त्यांना आता इथं कोण विचारतो, असंही कोणी म्हणे. माझ्या सासूबाई तर काकांना ओट्यावरच चहा द्यायच्या. मला बजावलं होतं, "त्याहिले आत नको घेऊ वं पोरी. त्याहिची नजर सारखी कागद धुंडत असते."

आणि आमच्या घरात धुंडण्यासारखा एक कागद होता.

देवघरात, बाळकृष्णाच्या मागं, लाल कापडात गुंडाळलेला. मोडीतला, पिवळा, कडा झिजलेल्या. ती आमच्या घराची सनद, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जायचं. नागपूरकर सरकारच्या वेळी आमच्या मोहरील घराण्याचा मूळपुरुष इकडं कारकुनीला आला, तेव्हा त्याला ही जागा मिळाली, त्याचा हा दाखला. वाचता कोणालाच येत नव्हता. न वाचता येणाऱ्या गोष्टीचं माणूस काय करतो? पूजा करतो. दर दसऱ्याला घरात शस्त्र म्हणून विळी, विद्या म्हणून यांचं इंजिनिअरिंगचं एक पुस्तक आणि मधोमध तो उलगडलेला कागद. घरच्या सुनेनं स्नान करून त्याच्या पहिल्या ओळीवर, जिथं नाव असतं तिथं, हळदकुंकवाचं बोट टेकवायचं. रीतच होती.

माझ्या पहिल्या दसऱ्याला सासूबाई नैवेद्याच्या खटपटीत होत्या. मी अतिशय आज्ञाधारक सून. कुंकू जास्त उठून दिसावं म्हणून ते पाण्यात कालवलं. बोट टेकवलं, तर कुंकवाचा ओघळ ओळीवरून खाली निघाला. घाबरून मी पदरानं टिपलं. टिपलं म्हणजे काय, पुसलं. पदर लाल झाला, आणि लालात काळंही आलं. कागदाकडं पाहिलं, तर पहिल्या ओळीच्या जागी एक तांबूस ढग.

मी कागद घडी घालून लाल कापडात कोंबला, नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात जाऊन पुरणपोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी माझी एकही पोळी गोल झाली नाही. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी काय जिल्ह्याचे नकाशे लाटत होती?"

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. घरावरचं नाव मी पुसलं. हे घर आता कोणाचंच नाही. मी भिंतीकडं पाहायचे तर भिंत माझ्याकडं पाहायची. खमरियाचा 'धम्म' आला की वाटायचं, आलेच पाडायला.

आणि खरंच आले. पाडायला नाही, पाहायला. एका संध्याकाळी आमचे हे सायकल टेकवून आत आले ते हातात छापील कागद घेऊन. नजूलची नोटीस. नजूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन. कोणती घरं तिच्यावर आहेत ते नव्या सरकारला नव्यानं तपासायचं होतं. पुढच्या गुरुवारी साहेब येणार, ज्याच्याजवळ जे जुने कागद असतील ते दाखवावेत, नाहीतर कब्जा बेकायदेशीर धरला जाईल.

"आपल्याले काय भ्याचं?" हे जेवता जेवता म्हणाले. "आपल्याजवळ सनद आहे. वाचाले फक्त माणूस पाह्यजे. वामनकाकाले बोलावून घेऊ."

माझ्या हातातली पळी वरणात पडली. आश्चर्य म्हणजे त्याच वेळी सासूबाईंच्या हातातलं ताट पडलं.

"त्याहिले नको," सासूबाई म्हणाल्या. "देवाचा कागद आहे. देवच पाहीन."

देव पाहील यावर माझा विश्वास होता. पण देवाला तरी वाचता आलं पाहिजे ना, नावच नसेल तर देव काय वाचणार? मी तीन दिवस विचार केला. माझ्या त्या वयातल्या विचारांची पद्धत अशी होती की, आधी रडायचं, मग थोडं खायचं, मग पुन्हा रडायचं. चौथ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी देवघरातून कागद काढला, पोटाशी धरला आणि गल्ली ओलांडून वामनकाकांच्या खोलीपुढं उभी राहिले.

दार उघडंच होतं. आत जाऊन पाहते तर भिंत दिसेना. जमिनीपासून आढ्यापर्यंत लाल फडक्यांचे गठ्ठे. मधे एक चटई, एक मेज, खिडकीत एक कप. काका मला पाहून असे उठले, जसं कोणी चोरी करताना पकडलं. इकडून गठ्ठा उचलला, तिकडं ठेवला, तिकडचा उचलला, इकडं ठेवला. मला बसायला जागा करत होते बिचारे. पण मला ते तेव्हा कुठं कळायला! मला वाटलं, लपवून राहिले.

"बसा न बाई," ते म्हणाले. "इथं कोणी येत नाही म्हणून बसाले काही… आता चहा ठेवतो. कप एकच आहे, तुम्ही घ्या, मी वाटीत घेतो."

तेवढ्यात माझी नजर एका गठ्ठ्यावर गेली. त्याच्या फडक्याला चिठ्ठी टाचली होती आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मोहरील, घमापूर'. शेजारच्यावर छेदीलालजींचं नाव. त्याच्या शेजारी गल्लीतल्या प्रत्येकाचं. म्हणजे कुजबुज खरी होती! प्रत्येक घरावर या माणसानं फाईल केली होती!

पण कागद तर हातात होता आणि काकांनी तो पाहिला होता. भुकेल्या माणसानं पानाकडं पाहावं तसा. त्यांनी हात धुतले, पुसले, कागद मेजावर पसरला आणि भिंग लावलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दसरा, ओघळ, पदर. "काका, मी पुसलं नाव. तुम्ही कोणाले सांगू नका जी. मले माहेरी धाडतीन."

काका भिंगातून वर न पाहता म्हणाले, "तुम्ही एकट्या कुठं पुसलं? हे पाहा. हे तुमचं कुंकू, वरचं. याच्या खाली हळद आहे जुनी. त्याच्या खाली आणखी एक थर, तोही पुसलेला. निदान तीन बायांनी पुसलं आहे हे."

ते मी ऐकलंच नाही. कारण त्याच दमात ते पुढं म्हणाले, "आणि बाई, हा तुमच्या घराचा कागदच नाही."

त्यानंतर ते बरंच काही बोलले. भिंग नाचवत, खूष होऊन, काहीतरी समजावून सांगत होते. 'कौल' असा एक शब्द कानावर आला, मला वाटलं घराची कौलंही जाणार. माझ्या कानात नुसतं धम्म धम्म. तुमच्या घराचा कागदच नाही. पुसलेलं नावही आमचं नव्हतं!

काही तरी बोलायचं म्हणून, रडू फुटू नये म्हणून, मी विचारलं, "काका, साऱ्याइच्या जागा तुमाले माईत. तुमचं गाव कोणत्या कागदात आहे?"

भिंग खाली आलं.

"एकाच कागदात आलं," काका म्हणाले. "पिपरखेडी. आजीच्या तोंडून ऐकलं होतं, पन्नास वर्षं धुंडलं. एका जमाबंदीत सापडलं. नावापुढं शेरा आहे, बेचिराग. म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव. फौजा आल्या, लोक भेव खाऊन पळाले. कुठं गेले ते नाही लिहिलं." मग भिंग पुसत म्हणाले, "मी त्याहिच्यातलाच कोणाचा तरी. गेलो होतो पाहाले. पळसाचं रान आहे. काठी आपटून पाहिली."

"मग?"

"मग काय? तिथं कोणाले सांगणार?"

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "साहेब गुरुवारीच येते न?" मी मान हलवली आणि पळाले. चहा तसाच राहिला.

घरी आले तर सासूबाई देवघरापुढं बसलेल्या. पुढ्यात रिकामं लाल कापड.

मी दारातच कोसळले आणि म्हणाले, "आई, मी नाव पुसलं."

त्या गर्रकन माझ्याकडं वळल्या. मग उठून दार लावून घेतलं, माझा हात धरून जवळ बसवलं आणि कानात म्हणाल्या, "तू कशी पुसशीन वं? ते तर मीच पुसलं. लग्नाच्या वर्षी. दुधाचा हात होता माया. तुया सासऱ्याले मरेपर्यंत नाही सांगितलं."

माझी एक वर्षाची भीती आणि त्यांची तीस वर्षांची. म्हणून त्या वामनकाकांना घरात घेत नव्हत्या! मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं की उचकीच लागली. त्यांनी पाणी दिलं. मग मी काका काय म्हणाले ते सांगितलं, हा आपल्या घराचा कागद नाही म्हणून. उचकी मग त्यांना लागली.

गुरुवार उजाडेपर्यंत आम्ही दोघींनी यांना काही कळू न देता काय काय केलं ते ऐका. सासूबाईंनी देव एका पितळी डब्यात भरले. मी लोणच्याची बरणी फडक्यात बांधली. घर गेलं तर कुठं जायचं ते ठरेना. त्यांचं माहेर उरलं नव्हतं. माझ्या माहेरी सासूनं येऊन राहायचं, हे त्यांना पटेना. "परराज्यात कशी राहू मी?" त्या म्हणाल्या. त्यांचं परराज्य म्हणजे माझं अमरावती. मी पहिल्यांदाच त्यांचा हात धरला. हात गार पडला होता. त्या घरात त्यांची पाच बाळंतपणं झाली होती, दोन मुलं त्याच घरातून गेली होती. त्या भिंतींना हात लावत फिरत होत्या. हे आठवलं की अजून माझं हसणं थांबतं.

गुरुवारी साहेब आला. कोवळाच होता, उन्हानं हैराण, सोबत नकाशाची गुंडाळी. आमच्या ह्यांनी रजा टाकली होती. ओट्यावर खुर्ची मांडली. छेदीलालजी आणि गल्लीतली माणसं लांबून पाहत उभी. साहेबानं सनद मागितली, सासूबाईंनी लाल कापड पुढं केलं, आणि मी डोळे मिटले.

तेवढ्यात काठी वाजली. एक, दोन, तीन.

वामनकाका उंबऱ्याबाहेर उभे. काखेत गठ्ठा. मान तिरकी करून ऐकलं आणि भर साहेबापुढं म्हणाले, "साहब, यह घर तालाब में है."

"तालाब?" साहेब खुर्चीतून उठला. "तालाब की ज़मीन तो सरकारी होती है!"

सासूबाईंनी खांब धरला. छेदीलालजी लांबून पुटपुटले, "ले डूबे पंडितजी."

"होती है नहीं, होती थी," काका म्हणाले. आयुष्यभर दप्तरखान्यात राहिलेला माणूस, साहेबाच्या आवाजानं हलला नाही. गठ्ठा सोडला. 'मोहरील, घमापूर' चिठ्ठीचा. "यह कागज़ छोड़िए, यह पूजा का है. आप अपने पुराने ज़मीन-बंदोबस्त के कागज़ देखिए. तळ्याचा हा कोपरा, अरे, तालाब का यह कोना सूख गया था, साँप निकलते थे. मोहरील को हुकुम हुआ कि मिट्टी डालकर भर दो और घर बाँधो. नाम, हुकुम, चारों सीमा, सब दर्ज है. बस्ता कौन सा, पन्ना कौन सा, मैंने यहाँ लिख दिया है. भोपाल गया हो तो भोपाल में मिलेगा. नकल निकलवा लीजिए."

साहेबानं तो कागद घेतला. बराच वेळ वाचला. काकांचं अक्षर मोत्यासारखं होतं. "यह आपने किसलिए उतारा?" त्यानं विचारलं.

काका जरा गोंधळले. "बँटवारा हुआ न राज का," ते म्हणाले. "बस्ते जा रहे थे. मुझे डर लगा. रास्ते में गिर गए तो ये लोग कहाँ ढूँढेंगे? तो पूरी गली का उतार लिया."

पूरी गली का. मी पाहिलं, छेदीलालजींनी डोक्यावरची टोपी काढली होती. आम्ही सगळे ज्यांना इतकं भीत होतो, ते त्या गल्लीतले सगळ्यांत भित्रे गृहस्थ निघाले. फक्त ते आमच्यासाठी भीत होते. आणि आमची तळ्यातली जागा, जिच्यापायी मी फरशी चाचपत बसले होते, तीच आमच्या नावावर होती.

साहेब नोंद करून गेला. पुढं तपासणी झाली, नक्कल आली, घर राहिलं. सासूबाई मात्र त्याच दुपारी, गर्दी पांगल्यावर, ओट्यावर आल्या आणि लाल कापड काकांपुढं ठेवून म्हणाल्या, "आता सांगा, आम्ही इतके दिवस पूजा कायची करून राहिलो?"

काकांनी कागद उलगडला आणि वाचला. जुनी भाषा, पण त्यांच्या तोंडून कळत गेली. "रयतेस कौल ऐसा जे, तुम्ही फौजेच्या भयास्तव परागंदा जाहला. येविशी मनात काही शक न धरिता मुलांमाणसांसह येऊन आपले घरी सुखरूप राहाणे. कोणी उपद्रव देणार नाही. अभय असे." मग म्हणाले, "पळून गेलेल्या लोकाइले परत बोलावाले असं लिहून देत. त्याले कौल म्हणत. तुमच्या मूळपुरुषानं लिहिला असन, तो कारकून होता न."

सासूबाई कागदावर वाकल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्या कागदात 'भेऊ नका' असं लिहिलं होतं?"

"हो जी."

"आन् मी तीस वर्षं ह्यालेच भेत होती?"

मी तोंडाला पदर लावला. काका मात्र त्या तांबूस डागावर बोट फिरवत होते. "कोणाले दिला ते नाव गेलं," ते म्हणाले. "मले फार वाटे, असा एखादा कौल आमच्या पिपरखेडीले कोणी दिला असता तर." एवढं म्हणून त्यांना आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. घाईनं गठ्ठा बांधायला लागले.

मी सासूबाईंच्या कानात पिपरखेडीची गोष्ट सांगितली. पळसाच्या रानात काठी आपटली तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "नाव कोरंच आहे न? मग तुमचं लिहून टाका."

काका दचकले. "कागदात खोटं नाही लिहिता येत, वहिनी."

"मग तोंडी घ्या. मी देतो." आमच्याकडं बायाही असं म्हणतात, देतो, घेतो. पदर सावरून त्या ताठ उभ्या राहिल्या. "वामनभाऊजी, काही शक नका धरू. आत या. पानं घेऊन राहिली सून."

काका गठ्ठा धरून तसेच उभे. शेवटी दप्तरखान्यातला माणूस, सापडलं ते बोलले. "कौलाले मुदत लागते, वहिनी," ते खाली पाहत म्हणाले. "किती दिवसाची, ते लिहावं लागते."

"मुदत कायची आली?" सासूबाई खेकसल्या. "रोज या."

काकांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, माझ्याकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं, आणि काय लिहायचं ते न सुचून टोपण पुन्हा लावलं.